बाबा आमटे : कुष्ठरोगाच्या भीतीला हरवणारा वकील

चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा आज 'आनंदवन'मुळे ओळखलं जातं. मात्र सुरुवातीच्या काळात आनंदवनात पिकलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी विकत घेत नव्हतं. कारण ती कुष्ठरोग्यांनी पिकवलेली होती. ही भीती घालवण्यात मुरलीधर देवीदास आमटे यांचं निम्मं आयुष्य गेलं.

बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला एका जमीनदार कुटुंबात झाला. कायद्याचं शिक्षण घेऊन ते वरोऱ्यात वकिली करू लागले. चालती वकिली, शिकारीचा छंद, घरची शेती असं सगळं सुरळीत होतं. पण गांधी-विनोबांच्या विचारांनी त्यांची वाट बदलली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांसोबत स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. 1946 मध्ये त्यांचं लग्न इंदू घुले यांच्याशी झालं. पुढे त्या साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

भीतीपासून सुरुवात

एका पावसाळी दिवशी बाबांना रस्त्याकडेला मरणासन्न अवस्थेतला कुष्ठरोगी दिसला. ते घाबरून तिथून निघून गेले. आपण घाबरलो, हे मात्र त्यांना सहन होईना. ते परत आले आणि त्याची शुश्रूषा केली. त्यानंतर कोलकात्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरील उपचारांचं प्रशिक्षण घेतलं आणि 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली.

1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभं राहू लागलं. सहा रुग्ण, साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढंच भांडवल होतं. रुग्णांना भीक नको, काम हवं, ही बाबांची भूमिका होती. त्यामुळे झिजलेल्या बोटांच्या हातांनीच इथल्या विहिरी खणल्या आणि शेतं तयार केली.

तरुण आले, गाव बदललं

गावाचा दृष्टिकोन बदलण्यात तरुणांचा मोठा वाटा होता. पन्नाशीच्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांसोबत बांधकाम केलं आणि त्यांच्यासोबतच जेवण घेतलं. हे पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीती ओसरू लागली आणि आनंदवनातल्या भाजीला गिऱ्हाईक मिळालं. 1964 मध्ये तिथे महाविद्यालय सुरू झालं. आसपासच्या गावांतली निरोगी मुलं कुष्ठरोग्यांनी उभारलेल्या जागेत शिकायला येऊ लागली.

1967 पासून मूल तालुक्यातल्या सोमनाथ इथे युवकांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. दिवसा अंगमेहनत आणि नंतर चर्चा असं तिचं स्वरूप होतं. महाराष्ट्रातल्या अनेक सामाजिक कार्यकर्त्यांची सुरुवात या छावणीत झाली.

जंगलातली लढाई

1973 मध्ये भामरागडजवळ हेमलकसा इथे माडिया आदिवासींसाठी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याची जबाबदारी बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी यांनी घेतली. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता, गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. पुढे इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली ही मोठी धरणं प्रस्तावित झाली. त्यांत जंगल आणि आदिवासींची गावं बुडणार होती. 1984 मध्ये बाबांच्या साथीने आदिवासींनी शांततेच्या मार्गाने विरोध केला. ही धरणं उभी राहिली नाहीत.

सायकलवरचा भारत

1984 च्या दंगलींनंतर आणि पंजाब धुमसत असताना बाबांनी 'भारत जोडो' अभियान हाती घेतलं. डिसेंबर 1985 मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले. मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता येत नव्हतं, म्हणून सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून सोबत होते. वाटेतल्या गावांमध्ये ही मुलं धर्म, जात आणि भाषेच्या पलीकडे जाऊन एकत्र राहण्याबद्दल बोलत होती. 1988 मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली.

1985 मध्ये बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी राहायला गेले आणि सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या आंदोलनात उतरले. विस्थापितांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनी पद्म पुरस्कार सरकारला परत केले.

9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता तिथल्याच मातीत त्यांचं दफन करण्यात आलं.

कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पण त्याबद्दलची भीती कायद्यातही खोलवर रुजली होती. कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्याची तरतूद करणारा 1898 चा ब्रिटिशकालीन कायदा 2016 मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण ठरत होतं. ते कायद्यातून हटायला 2019 उजाडलं, म्हणजे बाबा गेल्यावरही अकरा वर्षं लागली.