आवाजाचा मालक कोण? – स्वामी रामानंद तीर्थ यांचे स्मरण

अंबाजोगाईला गेलेला माणूस आधी योगेश्वरीचे दर्शन घेतो, मग मुकुंदराजांच्या समाधीकडे वळतो. पण याच गावात दूरदर्शनचा एक उंच मनोरा उभा राहिला, आणि त्या मनोऱ्याच्या जोरावर बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा चित्र हलले, हे नव्या पिढीच्या ध्यानात नसते. छपरावरचा अँटेना फिरवत ‘आलं का, आलं का?’ म्हणून ओरडणारी मुले आज स्वतः आजोबा व्हायच्या वयाला आली.

या मनोऱ्याची आठवण काढायची ती एका संन्याशासाठी. टीव्हीशी त्या संन्याशाचा काहीच संबंध नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्वामी रामानंद तीर्थ त्याच वर्षी २२ जानेवारीला हैदराबादेत वारले होते. पण लोकांचा आवाज कोणाच्या ताब्यात असावा, या एका प्रश्नात त्यांचे उभे आयुष्य गेले.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी गावचा. घरची स्थिती बेताची. १९२० साली लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. अशा प्रतिज्ञा त्या काळी पुष्कळांनी केल्या. व्यंकटेशने ती पाळली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण झाले, मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली मुंबईत काम केले. आजारपणाने ते काम सुटले आणि वाट मराठवाड्याकडे वळली. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. तिथल्या मुक्कामातच त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले.

१९३५ साली ते अंबाजोगाईला आले. निजामाच्या दप्तरात या गावाचे नाव होते मोमिनाबाद. राज्यकारभार उर्दूत, वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, आणि बहुसंख्य प्रजेच्या घरात मराठी, तेलुगू नाहीतर कानडी. खासगी शाळेवर सरकारची करडी नजर. सभा घ्यायची तर परवानगी हवी. ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम जुन्या माणसांच्या तोंडी कितीतरी वर्षे होता. अशा दिवसांत स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे त्यांचे सहकारी योगेश्वरीच्या नावाने शाळा चालवू लागले. मुलांना आपल्या भाषेत बोलता यावे, विचारता यावे, एवढीच सुरुवात होती.

नेमके त्याच वर्षी हैदराबादेत दुसरी एक गोष्ट घडली. महबूब अली नावाच्या एका हौशी गृहस्थाने १९३३ च्या सुमारास स्वतःचे छोटेसे रेडिओ केंद्र सुरू केले होते. एका माणसाच्या हौसेतून जन्मलेले हे केंद्र फेब्रुवारी १९३५ मध्ये निजाम सरकारने आपल्या ताब्यात घेतले. ते पुढे डेक्कन रेडिओ या नावाने ओळखले गेले. औरंगाबादलाही निजामी अमदानीतच केंद्र निघाले. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडी कार्यक्रमही लागत. कान प्रजेचे होते, पण काय ऐकवायचे ते दरबार ठरवी.

१९३८ साली स्वामीजींनी शाळा सहकाऱ्यांच्या हाती सोपवली आणि ते राजकारणात उतरले. आपण उभी केलेली संस्था सोडून जाणे सोपे नसते. आजही संस्थेच्या खुर्चीला चिकटून बसलेली माणसे आपण पाहतोच. स्वामीजी गेले ते मागे न बघता. हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानलांची तुकडी पुढे होती, पाठोपाठ स्वामीजी तुरुंगात गेले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग, १९४२ साली पुन्हा तुरुंग. बंदी उठायला १९४६ उजाडावे लागले.

१५ ऑगस्ट १९४७. सारा देश रेडिओला कान लावून बसला होता. हैदराबादेत मात्र तिरंगा फडकवणे हा गुन्हा होता. तो करून स्वामीजी त्याच दिवशी पकडले गेले. जैसे थे करारानंतर सुटका झाली, पण १९४८ च्या जानेवारीत पुन्हा अटक. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. त्यांच्या बाजूचा प्रचार सरकारी रेडिओवरून होई; विरोधी शब्द लिहिणाऱ्याची काय गत होई, ते शोएबुल्ला खान यांच्या मरणाने दाखवले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक भारतात विलीन व्हावे असे लिहीत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा नव्हता, हे स्वामीजी आयुष्यभर सांगत राहिले. त्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. १७ सप्टेंबरला सातव्या निजामांनी त्याच रेडिओवरून शरणागती जाहीर केली. भारताचे प्रतिनिधी क. मा. मुन्शी त्या भाषणामागे होते. ज्या केंद्रावरून दरबाराची आज्ञा ऐकू येई, तिथूनच दरबार संपल्याची बातमी आली. स्वामीजींना तुरुंगाबाहेर काढण्यात आले. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रे आकाशवाणीत गेली. एका माणसाकडून निजामाकडे, निजामाकडून भारत सरकारकडे: सतरा वर्षांत तिसरा मालक!

स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले. संस्थानाचे तुकडे करून प्रत्येक भाषेला आपापल्या राज्यात जाऊ द्यावे, असा त्यांचा आग्रह. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यात या आग्रहाचा वाटा होता. मंत्रिपदाची खुर्ची त्यांनी घेतली नाही. १९६७ साली लढ्याच्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि पुढे पाचच वर्षांत ते गेले. घरदार, जमीनजुमला मागे काही नव्हते. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

त्यांच्यामागे दूरदर्शन आले. १९७६ साली ते आकाशवाणीपासून वेगळे झाले, २३ नोव्हेंबर १९९७ रोजी दोघेही सरकारी खात्यातून निघून प्रसार भारतीकडे गेले. मग केबलवाला आला, डिश आली, हातातला फोन आला. दूरदर्शनने जुनी जमिनीवरची प्रक्षेपणे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केली. अँटेना भंगारात गेले.

मालक बदलत राहिले, पुढेही बदलतील. पण पडद्यावर आपल्या गावचे दुखणे दिसते का, दुष्काळात पाण्याला आणि कोयता घेऊन उसाला गेलेल्या बीडच्या माणसाला तिथे बोलायला मिळते का, हे मालकाचे नाव वाचून कळत नाही. ते विचारण्याची सवय लागावी लागते. स्वामीजींनी मोमिनाबादच्या शाळेत मुलांना नेमकी तीच सवय लावली होती. संध्याकाळी घरातला टीव्ही लावाल, तेव्हा मुलांना जवळ घेऊन एवढे तरी विचारा: हा आवाज कोणाचा आहे रे, आणि आपला त्यात कुठे आहे?