बडोद्यातील अकरा दिवस

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र सांगताना महाडचे तळे, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी यांचे स्मरण प्रथम होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही मात्र त्यांच्या आयुष्यातील एका एकाकी दिवसाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वसतिगृहाचे मोल त्या दिवसाइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. करारानुसार बडोदा संस्थानची नोकरी करणे भाग होते. त्यांचे ग्रंथ घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले होते. त्याच्या भरपाईच्या पैशातून बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला.

नोकरी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत होती. परंतु राहावयास जागा नव्हती. हिंदू खाणावळी बंद होत्या. परदेशातील ओळखीचे मित्र शहरात होते, पण ते आपल्याला घरात घेतील का, या संकोचाने भीमरावांचे पाऊल तिकडे वळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून, रोज दीड रुपया भाड्याने त्यांनी वरच्या मजल्यावर आसरा घेतला. शेजारचा मोठा दिवाणखाना मोडक्या बाकांनी भरलेला. रात्री एक कंदील आणि वटवाघळांची फडफड. बोलावयास माणूस नाही. अशा अंधारात पुस्तक हाच त्यांचा सोबती होता.

अकराव्या दिवशी सकाळी, ते कचेरीत जावयास निघणार तोच लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले. धर्मशाळा बाटवल्याचा ठपका ठेवून त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावले. मग त्या तरुणाने संकोच बाजूला ठेवून दोन मित्रांची दारे ठोठावली. हिंदू मित्र हळहळला. पण तुम्हाला ठेवले तर नोकर घर सोडतील, असे त्याने सांगितले. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो म्हणून वेळ मागितला. त्या उत्तराचा अर्थ उघड होता. तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले तास त्यांनी कमाठी बागेत काढले. तेथे आईवडिलांच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून आले. रात्री धर्मशाळेच्या रखवालदाराला त्यांनी पैसे दिले, त्याने ते घेतले. दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

मुंबईत पुन्हा नोकरीचा शोध सुरू झाला. शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला. पण जात कळताच गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. तेथील पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून ते १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले. त्या वेळी नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ पैसे दिले आणि आपल्या कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनीही हातभार लावला. लाठीही पारशांची आणि मदतीचा हातही पारशाचाच, हे विसरू नये. बाबासाहेबांचा लढा माणसांना तोडणाऱ्या व्यवस्थेशी होता.

शाहू महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्येच कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह उभे केले होते. शिकणाऱ्या मुलाला पुस्तकाआधी छप्पर लागते, हे त्यांनी ओळखले होते. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत हेच महाराज बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिले. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा त्यामागे बडोद्याच्या त्या रात्रीचेही स्मरण असावे, असे आम्हांस वाटते.

२३ सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आजही पुण्यामुंबईस नोकरीसाठी जातात आणि खोली शोधताना आडनावापाशी अडखळतात. तिथे स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. अशा मुलाला दार ठोठावण्याचा संकोच वाटेल, म्हणून त्याचा पत्ता आधी आपण घ्यावा. चार दिवसांची पथारी आणि कचेरीची वाट दाखवणारा सोबती एवढे जरी त्याला मिळाले, तरी बागेत एकट्याने बसण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.