वॉल्टर ओवेन बेंटली

वॉल्टर ओवेन बेंटली यांचा जन्म १८८८ सालीं लंडन येथें झाला. रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यांत उमेदवारी करून पुढें त्यांनीं १९१९ सालीं मोटारींची कंपनी काढली. शक्ति हवी तर इंजिन मोठें करावें, त्यांत दाबानें हवा भरूं नये, असें त्यांचें मत होतें. तथापि शर्यतवीर बर्किन यांच्या आग्रहानें तशी 'ब्लोअर' मोटार निघाली. १९३० सालच्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतींत ब्लोअर मध्येंच बंद पडल्या. बेंटलींच्या 'स्पीड सिक्स' मोटारी पहिल्या व दुसऱ्या आल्या. पुढील वर्षीं कंपनी बुडाली. १९७१ सालीं बेंटली निवर्तले. २०१२ सालीं बर्किन यांची एक ब्लोअर ५० लाख पौंडांहून अधिक किंमतीस विकली गेली. संग्राहक कीर्तीस मोल देतात. आम्हांस मात्र शेवटपर्यंत धांवणारी मोटारच थोर वाटते.