गोलरक्षक लेव्ह याशिन

फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात. त्यांपैकी दहा जणांच्या हातून चूक झाली, तर ती सावरण्यास मागे कोणी ना कोणी उभा असतो. अकराव्याच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, पाठीशी मात्र जाळ्याखेरीज काही नसते. तो चुकला की गोल होतो आणि त्याची चूक साऱ्या क्रीडांगणाला दिसते. ह्या एकाकी जागेवर सुमारे वीस वर्षे उभा राहून ज्याने जगातला श्रेष्ठ गोलरक्षक अशी कीर्ती मिळवली, त्या लेव्ह याशिनला आपल्या चुकांची किंमत दोन वेळा फार जबर द्यावी लागली.

याशिनचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्को शहरी एका कामगार कुटुंबात झाला. तो अकरा वर्षांचा असताना, १९४१ च्या जूनमध्ये, जर्मनीने सोव्हिएत संघराज्यावर स्वारी केली. वडिलांचा कारखाना मॉस्कोपासून दूर, व्होल्गा नदीकाठच्या उल्यानोव्स्ककडे हलवण्यात आला आणि सारे कुटुंबही तिकडे गेले. तरणीताठी माणसे आघाडीवर लढत होती. यंत्रांपाशी उभे राहण्यास हात कमी पडत होते. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांचा लेव्हही त्या कारखान्यात उमेदवार कामगार म्हणून दाखल झाला. ज्या वयात मुले शाळेच्या पटांगणावर हुंदडतात, त्या वयात तो लोखंडाशी झुंजत होता.

युद्ध संपले, कुटुंब मॉस्कोस परतले, परंतु ह्या कष्टांनी शिणलेले मन अठराव्या वर्षी एकाएकी खचले. त्याला कशातच गोडी वाटेना; कामावर जाणेही त्याने सोडले. अखेर तो सैन्यात दाखल झाला. तेथे खेळत असताना मॉस्कोच्या डायनॅमो संघाचे एक शिक्षक अर्काडी चेर्निशोव्ह यांची दृष्टी ह्या उंच, लांब हातांच्या तरुणावर गेली आणि त्यांनी त्याला आपल्या युवक संघात घेतले.

१९५० च्या वसंत ऋतूत काळ्या समुद्राच्या काठी गाग्रा येथे एका सरावाच्या सामन्यात याशिनला मुख्य संघातून खेळण्याची संधी मिळाली. प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाने आपल्या टोकाकडून चेंडू उंच फटकावला. वाऱ्याने तो पुढे पुढे वाहत आणला. याशिन वर पाहत धावला आणि आपल्याच एका गड्यावर आदळला. दोघेही पडले, आणि चेंडू टप्पे खात जाळ्यात गेला! एका गोलरक्षकाने दुसऱ्या गोलरक्षकावर गोल केला, हे पाहून संघातील वडीलधाऱ्या खेळाडूंना हसू आवरेना. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये एका मोठ्या सामन्यात जखमी गोलरक्षकाच्या जागी त्याला मैदानात उतरवण्यात आले. दैव असे, की तेथेही तो आपल्याच खेळाडूवर आदळला आणि गोल झाला. लवकरच त्याची रवानगी राखीव संघात झाली, आणि १९५३ पर्यंत तो तेथेच राहिला.

पण ही वर्षे वाया गेली नाहीत. डायनॅमोचा मुख्य गोलरक्षक अलेक्सी खोमिच हा त्या काळी फार नावाजलेला होता. त्याच्या प्रत्येक हालचालीचे याशिनने बारकाईने निरीक्षण केले. हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली गेली की तो आइस हॉकी खेळे आणि तेथेही गोल राखण्याचेच काम करी. रबराची छोटीशी चकती बर्फावरून विजेसारखी येते. ती अडवता अडवता त्याची नजर आणि हात दोन्ही तयार झाले. १९५३ मध्ये डायनॅमोने आइस हॉकीचा राष्ट्रीय चषक जिंकला, तेव्हा गोलमध्ये याशिन होता. ह्या खेळात नाव होऊ लागले असतानाही त्याने अखेर फुटबॉलच पत्करला.

मुख्य संघात परतलेला याशिन निराळाच गोलरक्षक होता. त्या काळचे बहुतेक गोलरक्षक दोन खांबांमधली जागा सोडत नसत. याशिन धोका ओळखून पुढे धावून जाई, गर्दीत उसळून चेंडू मुठीने दूर लोटी, आणि हाती आलेला चेंडू लगेच आपल्या मोकळ्या गड्याकडे फेकून चढाईस आरंभ करून देई. सर्व मैदान त्याला समोर दिसे, म्हणून बचावातल्या खेळाडूंना तो सतत मोठ्याने सूचना देत राही. गडद रंगाच्या पोशाखामुळे आणि लांब हातांमुळे लोक त्याला काळा कोळी म्हणू लागले.

१९५६ मध्ये मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत सोव्हिएत संघाने सुवर्णपदक मिळवले. उपांत्य सामन्यात भारताचा ४-१ असा पराभव करून अंतिम फेरीत आलेल्या युगोस्लाव्हियाच्या संघाला तेथे मात्र याशिनवर एकही गोल करता आला नाही. १९६० मध्ये युरोपीय राष्ट्रांचा पहिला चषकही सोव्हिएत संघानेच जिंकला.

एवढ्या यशानंतर १९६२ साल उजाडले. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात विश्वचषकाचे सामने होते. कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघाची ४-१ अशी आघाडी असताना मार्कोस कोल ह्या खेळाडूने कॉर्नर किक मारली. खांबाजवळच्या बचावपटूने चेंडू अडवला नाही, याशिनलाही तो अडवता आला नाही, आणि चेंडू कोणाच्याही स्पर्शावाचून गोलमध्ये शिरला. त्यानंतर कोलंबियाने आणखी दोन गोल करून सामना बरोबरीत सोडवला. पुढे चिलीने सोव्हिएत संघाला २-१ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. ते दोन्ही गोल पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून झाले.

मायदेशातल्या लोकांनी हे सामने पाहिले नव्हते. हजारो मैल दूरच्या खेळाची हकीकत त्यांना वर्तमानपत्रांतून कळली, आणि तीत दोष याशिनच्या माथी मारलेला होता. बचावफळीच्या चुकांचा विचार कोण करणार? याशिन मॉस्कोत खेळावयास उतरला की प्रेक्षक शिट्ट्या वाजवून त्याची हेटाळणी करीत. त्याच्या घराच्या खिडक्यांच्या काचाही फोडल्या गेल्या असे सांगतात. याशिन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. खेळ कायमचा सोडावा, असे त्याला वाटू लागले. तो काही काळ क्रीडांगणापासून दूर राहिला. मासे धरण्याचा त्याला लहानपणापासून नाद होता; पाण्यात गळ टाकून बसण्यात त्याचे दिवस जाऊ लागले.

मनाची तगमग निवल्यावर तो पुन्हा सरावास आला. आता प्रत्येक सामना ही त्याची परीक्षाच होती. १९६३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तो सत्तावीस सामने खेळला आणि त्या साऱ्या सामन्यांत मिळून त्याच्यावर अवघे सहा गोल झाले! डायनॅमोने विजेतेपद मिळवले. २३ ऑक्टोबर १९६३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध जगातील निवडक खेळाडूंचा संघ खेळला. त्याच्या गोलरक्षणासाठी याशिनची निवड झाली. पूर्वार्धात तो उभा असेतो इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. पुढच्याच महिन्यात रोम येथे इटलीच्या मात्सोलाने मारलेली पेनल्टी किक त्याने अडवली. त्या वर्षी युरोपातील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटूस मिळणारा सोन्याचा चेंडू याशिनला देण्यात आला. तो मान पुरुषांमध्ये त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकास मिळालेला नाही.

१९६६ च्या विश्वचषकात सोव्हिएत संघ चौथा आला, तेव्हाही गोल याशिननेच राखला.

२७ मे १९७१ रोजी मॉस्कोत त्याचा निरोपाचा सामना झाला. इंग्लंडचा बॉबी चार्लटन, पोर्तुगालचा युसेबियो असे परदेशचे नामांकित खेळाडू त्यासाठी आले होते. एक लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते. नऊ वर्षांपूर्वी ज्या शहराने त्याची हेटाळणी केली, तेच शहर आज त्याच्यासाठी टाळ्यांचा कडकडाट करीत होते. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळाने याशिनने आपले हातमोजे काढले, ते व्लादिमिर पिल्गुई ह्या तरुण गोलरक्षकाच्या हाती दिले आणि तो मैदानाबाहेर आला.

उतारवयात आजारामुळे त्याचा एक पाय कापावा लागला. २० मार्च १९९० रोजी मॉस्को येथेच त्याचे निधन झाले.