दख्खनचे डोंगर वाचणारे कर्नल साइक्स

शिवनेरी पायथ्याकडून पाहिला तर कडा, मग उतार, पुन्हा कडा, असा पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला दिसतो. आपली मुले कॉलेजात भूशास्त्राच्या पहिल्या वर्गात बसली की या पाषाणाचे नाव दख्खन ट्रॅप असे शिकतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या नावावरून आलेला आहे. या पाषाणाची नीट हकीकत विलायतेतील शास्त्रज्ञांपुढे आरंभी ज्यांनी मांडली, त्यांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव मोठे आहे.

साइक्स १७९० साली जन्मले आणि मिसरूड फुटण्याआधीच कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाले. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखातील जमीन, पीकपाणी, माणसे यांची मोजदाद सरकारला हवी होती. सारा बसवायचा होता, हे उघडच आहे. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी ते काम साइक्स यांजकडे सोपविले. पण या गृहस्थांची नजर साऱ्यापुरती राहिली नाही. पक्षी, मासे, पाऊस, दगड, सारे त्यांनी टिपून घेतले. १८२९ मध्ये सरकारने ती जागाच बंद केली, तरी त्यांनी काम अर्धवट टाकले नाही. १८३१ च्या आरंभी ते पुरे करूनच ते मायदेशी निघाले.

१८३३ साली त्यांनी लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे दख्खनवरील निबंध वाचला. कोसच्या कोस आडवे पसरलेले हे थर एकमेकांशी कसे समांतर आहेत, हे त्यांनी त्यात दाखविले. आज आपण जाणतो की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला व थिजला. दोन लाव्ह्यांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची पट्टी दिसते. आधीच्या थराची झीज होऊन झालेली ती माती वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली असते.

भगिनींनो, ही केवळ परीक्षेची विद्या नव्हे. घाटमाथ्यालगत पावसाने कातळ कुजून उतारांवर मातीचा जाड थर साचतो, आणि त्यात पाणी मुरले की तो खालच्या दगडावरून सुटतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर असाच आला. सुमारे दीडशे माणसे गेली.

जुन्नरची लेणी याच कातळात कोरलेली. तेथील शिलालेखांवरही साइक्स यांनी १८३७ च्या सुमारास लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी साध्या थर्मामीटरने डोंगराची उंची कशी काढावी हे सांगितले. उंचावर पाणी कमी उष्णतेस उकळते. सुमारे हजार फुटांस एक अंश सेंटिग्रेडचा फरक पडतो. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो तो याचमुळे!

पुढे १८५६ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि १८५७ पासून ॲबर्डीनतर्फे पार्लमेंटात बसले. १८७२ च्या जूनमध्ये लंडनात त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते सभासद होतेच.