एक्सप्लेनर : रेडिओच्या लहरीतून ‘कॅरिअर’ वगळणारे जॉन कार्सन कोण होते?

बुलढाणा, मेहकर, मलकापूरमध्ये मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकलेली पिढी आजही आहे. त्या प्रक्षेपणाची बहुतांश शक्ती मात्र आवाज नसलेल्या लहरीवर खर्च होते. ही लहर न पाठवताही आवाज पोहोचतो, हे गणिताने दाखवले जॉन कार्सन यांनी.

१८८६ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जन्मलेले कार्सन प्रिन्स्टनमध्ये शिकले आणि पुढे ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

एएम प्रक्षेपणात मध्ये कॅरिअर, म्हणजे वाहक लहर असते आणि दोन्ही बाजूंना साइडबँड. आवाज फक्त साइडबँडमध्ये असतो आणि तोही दोन्हीकडे सारखाच. पूर्ण मॉड्युलेशन असले तरी दोन तृतीयांश शक्ती कॅरिअरच घेतो. मग एकच साइडबँड पाठवला तर? कार्सन यांनी १९१५ मध्ये यासाठी पेटंटचा अर्ज केला. पेटंट मिळायला १९२३ साल उजाडले. १९२७ मध्ये न्यूयॉर्क-लंडन रेडिओ टेलिफोन सेवा याच पद्धतीने सुरू झाली.

मग आकाशवाणीने कॅरिअर का ठेवला? तो नसेल तर रेडिओ संचालाच ती लहर तयार करून मिसळावी लागते. वारंवारिता थोडी जरी चुकली, तरी माणसाचा आवाज बदकासारखा ऐकू येतो. कॅरिअर सोबत आला की साधा, स्वस्त संचही चालतो. केंद्राने जास्त वीज खर्च केली, म्हणून घरोघरी रेडिओ परवडला.

कार्सन यांचे १९४० मध्ये निधन झाले. जहाजे आणि हॅम रेडिओचालक आजही त्यांचीच पद्धत वापरतात.