‘वेंडी’ नावाचा अर्थ काय? पाच वर्षांच्या मुलीच्या बोबड्या बोलातून आलेलं नाव

‘पीटर पॅन’ची गोष्ट माहीत असलेल्या प्रत्येकाला वेंडी ठाऊक असते. भावांसोबत खिडकीतून उडत नेव्हरलँडला गेलेली आणि तिथल्या हरवलेल्या मुलांची आई झालेली मुलगी. पण हे नाव लेखक जे. एम. बॅरी यांना मिळालं कुठून?

बॅरी यांचा जन्म ९ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधल्या किरीम्युअर गावी एका विणकराच्या घरात झाला. दहा भावंडांतले ते नववे. ते सहा वर्षांचे असताना त्यांचा मोठा भाऊ डेव्हिड बर्फावर स्केटिंग करताना झालेल्या अपघातात गेला. त्याला अजून चौदावं वर्षही लागलं नव्हतं की काय, असं वाटावं इतका तो आईचा लहानगा लाडका होता. आईने अंथरूण धरलं. तिला बरं वाटावं म्हणून छोटा जेम्स डेव्हिडचे कपडे घालून, त्याच्यासारखी शीळ घालत तिच्यासमोर गेला. गेलेला मुलगा आता कायम लहानच राहील, एवढंच तिचं समाधान होतं. कधीच मोठा न होणाऱ्या पीटरचं मूळ अनेक अभ्यासक इथेच शोधतात.

१८८५ मध्ये बॅरी लंडनला आले. तिथे त्यांची कवी आणि संपादक विल्यम हेन्ली यांच्याशी मैत्री झाली. आजारपणामुळे हेन्लींचा एक पाय कापावा लागला होता. ‘ट्रेझर आयलंड’मधला एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर स्टीव्हन्सनला सुचला तो यांच्यावरूनच. म्हणजे बाप एका गाजलेल्या गोष्टीत गेला आणि लेक दुसऱ्या!

या लेकीचं नाव मार्गारेट. तिला बॅरी फार आवडायचे. ती त्यांना लाडाने ‘फ्रेंडी’, म्हणजे दोस्त म्हणू पाहायची. पण आपल्याकडची लहान मुलं ‘राम’ला ‘लाम’ म्हणतात ना, तसंच तिलाही ‘र’ जमायचा नाही. ‘फ्रेंडी’चं झालं ‘फ्वेंडी’, आणि पुढे ‘फ्वेंडी-वेंडी’. फेब्रुवारी १८९४ मध्ये मार्गारेट वारली. ती जेमतेम पाच वर्षांची होती.

त्यानंतर दहा वर्षांनी, २७ डिसेंबर १९०४ रोजी, लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात ‘पीटर पॅन’ रंगमंचावर आलं. नायिकेचं नाव होतं वेंडी. पाच वर्षांपुढे न गेलेल्या मुलीचा शब्द बॅरींनी दिला तो मोठ्या होणाऱ्या मुलीला. पीटर मागे राहतो. वेंडी मात्र घरी परतते, मोठी होते, तिलाही मुलगी होते.

‘वेंडी’ हे नाव बॅरींनीच शोधलं, असं सर्रास लिहिलं जातं. ते पूर्ण खरं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतही ते क्वचित सापडतं. ‘ग्वेंडोलिन’ या जुन्या नावाचं ते लाडाचं रूप मानलं जातं आणि त्यातल्या ‘ग्वेन’चा वेल्श भाषेतला अर्थ शुभ्र. पण घरोघरी पोचलं ते या नाटकामुळेच. नाटकात हरवलेली मुलं वेंडीभोवती एक छोटं घर बांधतात, म्हणून ब्रिटनमध्ये मुलांच्या खेळण्यातल्या घराला आजही ‘वेंडी हाउस’ म्हणतात.

१९२९ मध्ये बॅरींनी ‘पीटर पॅन’चे हक्क लंडनमधल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले. १९३७ मध्ये ते गेले. ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये खास तरतूद केली, त्यामुळे कॉपीराइटची मुदत संपल्यावरही ब्रिटनमध्ये या नाटकाची रॉयल्टी त्या हॉस्पिटललाच मिळते.